मेमरी मॅनेजमेंटच्या कोडमधील हेल्पर फंक्शनांची नावे : नावाने नेमके काय सांगावे?

मूळ धागा

लिनक्स कर्नलमधील मेमरी मॅनेजमेंटचा कोड वाचू लागलेल्या जवळपास प्रत्येकाला लवकरच असे जाणवते की, मुख्य अल्गोरिदम समजून घेण्यापेक्षा त्यांच्याभोवती पसरलेल्या शेकडो लहान हेल्पर फंक्शनांपैकी कोणते काय आश्वासन देते हे उमगण्यातच अधिक वेळ जातो. या फंक्शनांचा कोड पुष्कळदा चार-पाच ओळींचाच असतो, पण ती असंख्य ठिकाणांहून कॉल केली जातात आणि अशा प्रत्येक ठिकाणी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त नाव असते, आतला कोड नसतो. म्हणून या धाग्यात एकाच प्रश्नावर सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे : अशा फंक्शनाच्या नावाने काय सांगितले पाहिजे?

माझे मत आधीच मांडतो. फंक्शनाच्या आत काय घडते याचे वर्णन करण्यापेक्षा, ते कॉल करणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते हे नावाने सांगावे. रेफरन्स (ही मेमरी अजून वापरात आहे अशी नोंद) घेतला गेला आहे का आणि तो कोणी परत करायचा, लॉक (इतरांना एकाच वेळी बदल करू न देणारे कुलूप) आधीच धरलेले असायला हवे की फंक्शन ते स्वतः धरते, फंक्शन अपयशी ठरू शकते का, आणि मिळालेले उत्तर खात्रीचे आहे की अंदाजाचे, या चार गोष्टींपैकी जी त्या ठिकाणी सर्वांत महत्त्वाची असेल ती नावात उतरली पाहिजे. कोडच्या इतर भागांतही हे लागू पडेल, पण मेमरी मॅनेजमेंटमध्ये त्याची निकड वेगळी आहे, कारण येथे चूक जिथे होते तिथे ती दिसत नाही. एक रेफरन्स जास्त घेतला तर पेज, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, कधीच मोकळे होत नाही. एक रेफरन्स कमी पडला तर पेज अकाली मोकळे होऊन दुसऱ्याच प्रोसेसच्या हाती जाते, आणि बिघाड बऱ्याच वेळाने, संपूर्ण वेगळ्या जागी प्रकट होतो.

पहिले उदाहरण फाइंड_व्हीएमए या फंक्शनाचे घेतो. त्याला एक पत्ता दिला की तो पत्ता ज्या व्हीएमएमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांच्या ज्या सलग पट्ट्यात, येतो तो पट्टा परत मिळेल, असेच नाव वाचून कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे फंक्शन ज्याचा शेवट दिलेल्या पत्त्याच्या पुढे आहे असा पहिला पट्टा परत देते. पत्ता दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत पडत असेल तर त्याच्या नंतरचा पट्टा हाती येतो, आणि तो दिलेला पत्ता सामावत नाही. म्हणून कॉल करणाऱ्याने पट्ट्याची सुरुवात दिलेल्या पत्त्याच्या पुढे तर नाही ना, हे स्वतः तपासणे आवश्यक असते. या वागणुकीमागे सबळ कारण होते : पेज फॉल्ट (पत्त्यामागे पेज नसताना किंवा परवानगी नसताना येणारा व्यत्यय) हाताळताना पत्ता स्टॅकच्या थोडा खाली असेल तर स्टॅक खालच्या दिशेने वाढवायचा असतो, आणि त्यासाठी नंतरचा पट्टाच हवा असतो. परंतु ड्रायव्हर लिहिणाऱ्याला स्टॅकशी काही देणेघेणे नसते. त्याला फक्त पत्ता कोणाच्या पट्ट्यात आहे एवढेच विचारायचे असते, आणि नाव त्याला गप्प बसून चुकीचे उत्तर देते.

२०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत व्हीएमए_लुकअप हे फंक्शन आले. पत्ता ज्यात खरोखर आहे तोच पट्टा ते देते, नाहीतर नल (रिकामा पॉइंटर) देते. अंमलबजावणीच्या दृष्टीने ते अगदी किरकोळ आहे, कारण जुन्याच फंक्शनाला कॉल करून एक तुलना करायची एवढेच त्याचे काम होते. तरीही त्या पॅचमालिकेत कर्नलभरच्या अनेक ठिकाणी जुने नाव काढून नवे घातले गेले, आणि त्या ठिकाणची हाताने लिहिलेली तपासणी निघून गेली. तो बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर फाइंड_व्हीएमए कुठे दिसले तर येथे पुढचा पट्टाही चालणार आहे असा अर्थ काढण्याची सोय झाली.

दुसरे उदाहरण २०२० मधले आहे. केझेडअलॉक हे फंक्शन मेमरी देताना ती शून्यांनी भरून देते. त्याच्या जोडीला शोभेल असे केझेडफ्री नावाचे फंक्शन होते, जे मेमरी मोकळी करण्यापूर्वी तिच्यातला मजकूर पुसत असे. दोन्ही नावे शेजारी ठेवली की सुरेख जोडी दिसते, पण ती जोडी खोटी होती : केझेडअलॉकने घेतलेली मेमरी साध्या केफ्रीनेच परत करायची असते, आणि केझेडफ्रीचा उपयोग फक्त गुप्त किल्ल्या, पासवर्ड अशा संवेदनशील मजकुरासाठी होता. ५.९ आवृत्तीत त्याचे नाव केफ्री_सेन्सिटिव्ह झाले. नावांमधली सममिती वापरातल्या सममितीवर आधारलेली नसेल तर ती दिशाभूल करते, असा लिनस टोरवाल्ड्स यांचा त्या वेळचा मुद्दा होता आणि मला तो पूर्णपणे पटतो. त्याच सुमारास आत साध्या मेमसेटऐवजी मेमझिरो_एक्सप्लिसिट आले, जेणेकरून हे पुसणे निरुपयोगी आहे असे समजून कंपायलरने ते वगळू नये. जुन्या नावाखाली हा बदल केला असता तर त्याचे कारण सांगण्यासाठी वेगळी टीप लिहावी लागली असती. नव्या नावाखाली तो आपोआप समजतो.

सदस्यांनी आपापल्या अनुभवातील उदाहरणे द्यावीत, आणि माझ्या मताला विरोध असेल तर तोही उदाहरणासह मांडावा, ही विनंती.

प्रतिसाद १

धाग्याचा विषय अत्यंत योग्य आहे. माझ्या मते सर्वांत धोकादायक नावे म्हणजे ज्यांच्यात फक्त लिहिण्याच्या पद्धतीचा फरक आहे अशी जोडनावे. पेजमधील मजकूर बदलला आहे, तो डिस्कवर लिहायचा आहे, हे नोंदवण्यासाठी कर्नलमध्ये बराच काळ दोन नावे होती : एक सेट_पेज_डर्टी, अंडरस्कोरने तोडलेले आणि सगळी लहान अक्षरे असलेले, दुसरे सेटपेजडर्टी, अंडरस्कोर नसलेले आणि प्रत्येक शब्दाची सुरुवात मोठ्या अक्षराने असलेले. मोठ्याने वाचले तर दोन्ही एकच. पण दुसरे फक्त पेजच्या फ्लॅगमधला एक बिट उंचावते, तर पहिले फाइल सिस्टिमला कळवते, हिशेब ठेवते, आणि पेज कॅशच्या (फाइलींचा मजकूर मेमरीत ठेवणाऱ्या साठ्याच्या) झाडात ते पेज डर्टी असल्याची खूण करते. राइटबॅकचे, म्हणजे डर्टी पेजेस डिस्कवर लिहिण्याचे, काम करणारा कोड ती खूण पाहूनच पेजेस शोधतो. म्हणजे चुकून नुसता बिट उंचावला तर पेज डर्टी दिसेल आणि तरीही ते लिहिण्यासाठी कोणी येणार नाही, अशी स्थिती उद्भवू शकते.

मॅथ्यू विलकॉक्स यांनी आणलेल्या फोलिओच्या (सुटे पेज किंवा संपूर्ण एकत्रित पेज दर्शवणाऱ्या टाइपच्या) रचनेत, जी ५.१६ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली, ही दोन नावे अनुक्रमे फोलिओ_मार्क_डर्टी आणि फोलिओ_सेट_डर्टी अशी झाली. सेट म्हणजे केवळ बिट, मार्क म्हणजे संपूर्ण कारवाई. ज्याला हा संकेत माहीत नाही त्यालाही येथे दोन वेगळी क्रियापदे दिसतात, त्यामुळे निदान शंका तरी येते, आणि शंका आली की माणूस फंक्शन उघडून पाहतो.

फोलिओबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. जुन्या कोडमध्ये एखाद्या फंक्शनाला पेजचा पॉइंटर मिळाला की तो सुटे पेज आहे, मोठ्या एकत्रित पेजचे अग्र आहे, की त्याच्या पोटातले एखादे पेज आहे, हे समजायला मार्ग नव्हता. म्हणून पुट_पेजसारख्या साध्या फंक्शनांच्या आतही कम्पाउंड_हेड कॉल करून अग्र शोधावे लागे, आणि हा शोध पुनःपुन्हा होत असे. या अडचणीवर कोणतेही चांगले नाव पुरले नसते. तिच्यासाठी वेगळा टाइप आणावा लागला. फोलिओचा पॉइंटर असेल तर ते पोटातले पेज नाही, हे कंपायलरच सांभाळतो. त्यामुळे नावावर किती भार टाकायचा हे ठरवण्यापूर्वी त्यातला किती भार टाइपवर टाकता येईल, हा विचार आधी व्हावा असे मला वाटते.

प्रतिसाद २

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो आणि प्रात्यक्षिकांसाठी एमआयटीचे एक्सव्ही६ (शिकवण्यासाठी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम) वापरतो. ते लहान असल्यामुळे त्यातली नावे विद्यार्थी खरोखर एकेक करून वाचतात, आणि म्हणून नावाचा परिणाम तिथे स्पष्ट दिसतो.

एक्स८६ साठीच्या जुन्या एक्सव्ही६ मध्ये क्लिअरपीटीईयू नावाचे फंक्शन होते. दिसायला ते ओबडधोबड, पण त्याचे काम नावातच होते : पेज टेबलमधल्या (व्हर्च्युअल पत्ते भौतिक पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यातल्या) नोंदीतला यू हा बिट, म्हणजे युजर मोडला प्रवेश देणारा बिट, काढून टाकणे. प्रोग्रॅमच्या स्टॅकखाली एक संरक्षक पेज ठेवायचे असते, स्टॅक हद्द ओलांडून खाली घसरला तर लगेच फॉल्ट यावा म्हणून, आणि एक्झेकच्या (नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या) कोडमध्ये त्यासाठीच हे फंक्शन वापरले जात असे. पुढे रिस्क-व्ही या प्रोसेसर-रचनेसाठी एक्सव्ही६ नव्याने लिहिताना नावांना शिस्त आली : कर्नलच्या पेज टेबलवर काम करणारी फंक्शने केव्हीएमने सुरू होतील आणि युजरच्या पेज टेबलवर काम करणारी यूव्हीएमने. ही शिस्त अतिशय उपयुक्त आहे. अलॉकयूव्हीएमचे यूव्हीएमअलॉक झाले, ते चांगलेच झाले. पण त्याच ओघात क्लिअरपीटीईयूचे यूव्हीएमक्लिअर झाले, आणि नावातला बिटाचा उल्लेखच गळाला. आता ते वाचल्यावर पुष्कळ विद्यार्थी समजतात की युजरची मेमरी शून्यांनी भरली जात आहे, किंवा तिथले मॅपिंग काढून टाकले जात आहे. प्रत्यक्षात मेमरी तशीच राहते, मॅपिंगही राहते, फक्त युजरला तिथे पोहोचता येत नाही. धागाकर्त्यांनी केझेडफ्रीच्या बाबतीत सांगितलेला सममितीचा मोह येथेही दिसतो : एका ओळीत बसण्यासाठी नावाने आपला अर्थ गमावला.

त्याच फाइलमधले वॉक हे फंक्शनही चर्चेत घेण्यासारखे आहे. पत्त्यासाठी पेज टेबलची पायरी-पायरीने उतरंड चालत शेवटच्या नोंदीपर्यंत जाणे हे त्याचे काम. त्याच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटला अलॉक म्हणतात. ते शून्य नसेल तर वाटेत न सापडलेली टेबले नव्याने तयार केली जातात. कॉल करण्याच्या जागी मात्र फक्त शून्य किंवा एक दिसतो. एकच आकडा बदलल्याने शोधणारे फंक्शन निर्माण करणारे होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून सांगावीच लागते. मी त्यांना दोन वेगळ्या नावांची वेष्टणे लिहायला सांगतो, एक केवळ शोधणारे आणि एक गरजेनुसार बांधणारे, आणि त्यानंतर त्यांचा बाकीचा कोड अधिक नीट होतो असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद ३

वरील तिन्ही लेखन मनापासून वाचले, पण मला काही ठिकाणी असहमती नोंदवायची आहे. मी अशा उत्पादनांवर काम करतो ज्यांत एकच कर्नल आवृत्ती अनेक वर्षे सांभाळावी लागते, आणि मुख्य कर्नलमधल्या दुरुस्त्या त्या जुन्या आवृत्तीवर आणाव्या लागतात. मुख्य कर्नलमध्ये नाव बदलले की आमच्याकडे प्रत्येक दुरुस्ती हाताने जुळवावी लागते, आणि सुरक्षेची दुरुस्ती हाताने जुळवताना होणारी चूक ही अस्पष्ट नावामुळे होणाऱ्या चुकीपेक्षा कमी गंभीर नसते. शिवाय एखादी ओळ कोणी, कधी आणि का लिहिली याचा इतिहास शोधताना मध्येच नामांतराचा पॅच आडवा येतो.

दुसरे असे की नावात सर्व काही मावत नाही. २०१२ मध्ये कर्नलमध्ये पीएमडी_नन_ऑर_ट्रान्स_ह्यूज_ऑर_क्लिअर_बॅड नावाचे फंक्शन आले. ते धागाकर्त्यांच्या कसोटीवर उतरते, कारण जे जे करते ते ते सांगते : पेज टेबलमधली नोंद रिकामी आहे का, मोठ्या पेजची आहे का, आणि बिघडलेली असेल तर ती पुसून टाकते. तरीही ते वाचून कोणाला काय कळते? प्रश्न विचारल्यासारखे सुरू होणारे नाव शेवटी एक कृती करते, हे वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी फंक्शनावरची नीट लिहिलेली टीप, लॉक धरले आहे याची चालू कोडमध्ये होणारी तपासणी आणि काटेकोर रिव्ह्यू यांवर भर द्यावा. एमएमॅप_असर्ट_लॉक्डसारखी एक ओळ फंक्शनाच्या सुरुवातीला असली तर नावात लॉकचा उल्लेख नसला तरी चालते.

नावे चांगली असावीत याला माझा विरोध नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे पाहिले तर पीमॅप_एक्स्ट्रॅक्ट हे फंक्शन व्हर्च्युअल पत्त्यावरून भौतिक पत्ता काढून देते, आणि पीमॅप_एक्स्ट्रॅक्ट_अँड_होल्ड ते पेज धरूनही ठेवते, म्हणजे पुढे सोडण्याची जबाबदारी आपल्यावर येते. हे उत्तम नाव आहे. परंतु ते सुरुवातीलाच नीट ठेवले गेले, वीस वर्षांनी बदलले गेले नाही, हा माझा मुद्दा आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील आक्षेप महत्त्वाचे आहेत, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देतो.

आधी त्या लांबलचक नावाविषयी. मला ते नाव प्रामाणिक वाटते, आणि त्याचे अवघडपण हे आत दडलेल्या अडचणीचे लक्षण होते. एमएमॅप लॉक, म्हणजे प्रोसेसच्या मॅपिंगचे लॉक, केवळ वाचनासाठी धरलेले असताना त्या नोंदीखालची स्थिती मोठ्या पेजमुळे कधीही बदलू शकत होती, आणि तो सारा गुंता कॉल करणाऱ्याने सांभाळावा अशी रचना होती. २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत पीटीई_ऑफसेट_मॅप_लॉक हे फंक्शन अपयशी ठरू शकेल, आणि ते अपयशी ठरल्यास कॉल करणाऱ्याने सोडून द्यावे किंवा पुन्हा प्रयत्न करावा, असा नियम झाला. त्या बदलानंतर लांब नावाच्या फंक्शनाची कोणालाच गरज उरली नाही आणि ते काढून टाकण्यात आले. नाव लहान करून हा गुंता सुटला नसता; नाव इतके लांब का झाले याचा विचार झाल्यावर सुटला. म्हणून एखाद्या फंक्शनासाठी नाव सुचेनासे झाले तर मी फंक्शनाच्या कामाची वाटणीच तपासून पाहतो.

आता नामांतराच्या किमतीविषयी. ती किंमत खरी आहे, हे मान्य. परंतु न बदललेल्या नावाचीही किंमत असते, आणि अलॉक_पेजेस_एक्झॅक्ट_नोडचा इतिहास ती दाखवतो. २००९ मध्ये आलेल्या या फंक्शनाचा उद्देश एवढाच होता की दिलेला नोडचा (मोठ्या मशीनमधल्या मेमरीच्या एका गटाचा) क्रमांक वैध असल्याचे कॉल करणाऱ्याला ठाऊक आहे, त्यामुळे ती तपासणी वाचवावी. पण नावातल्या एक्झॅक्टमुळे वाचणाऱ्यांना वाटू लागले की मेमरी त्याच नोडवरून मिळेल, नाहीतर मिळणारच नाही. प्रत्यक्षात त्या नोडवर मेमरी नसेल तर ती दुसऱ्या नोडवरून दिली जात असे. तिथेच हवी असेल तर जीएफपी_थिसनोड हा फ्लॅग वेगळा द्यावा लागे. त्यातच अलॉक_पेजेस_एक्झॅक्ट नावाचे आणखी एक फंक्शन होते, ज्यातला एक्झॅक्ट हा आकारमानाविषयी होता. २०१५ मध्ये ४.३ आवृत्तीत ते नाव बदलून सुरुवातीला दोन अंडरस्कोर असलेले अलॉक_पेजेस_नोड केले गेले, आणि त्या निमित्ताने कॉल करणाऱ्या काही ठिकाणचा गैरसमजही उजेडात आला. ज्यांना मशीनमधील एकाच नोडची मेमरी मोजून हवी असते, त्यांच्या बाबतीत हा गैरसमज किती महागात पडू शकतो हे वेगळे सांगायला नको.

नामांतर कसे करावे याचाही चांगला नमुना आपल्यासमोर आहे. एमएमॅप_सेम या लॉकचे नाव २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत एमएमॅप_लॉक झाले. त्या वेळी आधी एमएमॅप_रीड_लॉक, एमएमॅप_राइट_लॉक अशी वेष्टणे आणली गेली, मग कोक्सिनेल या साधनाने थेट वापराच्या जागा यांत्रिक पद्धतीने बदलल्या, आणि सर्वांत शेवटी मूळ नाव बदलले. जुने नाव उरलेच नसल्यामुळे बाहेरचा जुना कोड कम्पाइल होत नाही आणि चूक लगेच समोर येते. अर्थ बदलला आणि नाव मात्र तेच ठेवले, तर कोड मुकाट्याने कम्पाइल होतो. जुन्या आवृत्तीवर दुरुस्त्या आणणाऱ्यासाठी तीच स्थिती अधिक घातक नाही का?

टिपा आणि तपासण्या यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. तपासणी चालू कोडमध्ये चूक पकडते. रिव्ह्यू करणारा मात्र पॅचचा मजकूर वाचत असतो आणि त्याच्यापाशी तेवढी नावेच असतात.

प्रतिसाद ४

खात्री आणि अंदाज यांचा जो मुद्दा मूळ लेखात ओझरता आला आहे, त्यावर अधिक लिहावेसे वाटते, कारण अलीकडच्या वर्षांत या बाबतीत फार चांगले काम झाले आहे.

एखाद्या डिव्हाइसला युजरच्या मेमरीत थेट लिहायचे असते तेव्हा ते पेज पिन, म्हणजे जागेवर पक्के, करावे लागते. पूर्वी यासाठी गेट_यूजर_पेजेस वापरून साधा रेफरन्सच घेतला जात असे आणि पुट_पेजने तो सोडला जात असे, त्यामुळे केवळ पेजची माहिती पाहणारा आणि त्या पेजमधल्या मजकुरात डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट) लिहिणारा यांच्यात फरक करणे कर्नलला शक्य नव्हते. २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत पिन_यूजर_पेजेस आले. तो रेफरन्स सोडणाऱ्या फंक्शनाचे नाव आधी पुट_यूजर_पेज असे होते. त्याच आवृत्तीत ते अनपिन_यूजर_पेज झाले. पिनची जोडी अनपिनशी, गेटची जोडी पुटशी. येथे सममिती खरी आहे, कारण एकाने घेतलेले दुसऱ्यानेच सोडायचे असते, आणि चुकीची जोडी लावली तर हिशेब बिघडतो.

पिन मोजण्यासाठी लहान पेजेसच्या बाबतीत वेगळी जागा उपलब्ध नव्हती, म्हणून प्रत्येक पिनमागे रेफरन्स काउंटमध्ये १०२४ मिळवायचे असे ठरले. याचा परिणाम असा की एखाद्या पेजचे साधेच रेफरन्स १०२४ झाले तर ते पिन केल्यासारखे दिसते. म्हणून ही तपासणी करणाऱ्या फंक्शनाचे नाव पेज_मेबी_डीएमए_पिन्ड असे ठेवले गेले. त्यातला मेबी हा माझ्या मते त्या संपूर्ण कोडमधला सर्वांत मोलाचा शब्द आहे. उत्तर नाही असे आले तर ते निश्चित; होय असे आले तर बहुधा होय. फोर्कच्या, म्हणजे प्रोसेसची प्रत काढण्याच्या, वेळी पिन असू शकणारे पेज लगेच कॉपी करायचे असते, आणि तिथे चुकून होय आले तर एक कॉपी जास्त होते, मजकुराला धक्का लागत नाही. हे फंक्शन जिथे वापरले आहे तिथे खोटे होय चालणार आहे का, हा प्रश्न नाव वाचताच मनात येतो.

एकच फोलिओ अनेक प्रोसेसमध्ये मॅप झाला आहे का, हे पाहणाऱ्या फंक्शनाचा प्रवासही असाच आहे. आधी त्याला फोलिओ_एस्टिमेटेड_शेअरर्स म्हणत. ते फक्त पहिल्या पेजच्या मॅपिंगची संख्या पाहून अंदाज देत असे. २०२४ मध्ये ते फोलिओ_लाइकली_मॅप्ड_शेअर्ड झाले, म्हणजे संख्या असल्याचा आव गेला आणि होय-नाही एवढेच उरले, पण दोन्ही उत्तरे चुकीची असण्याची शक्यता होती. २०२५ मध्ये मॅपिंगचा मागोवा ठेवण्याची पद्धत सुधारल्यावर ते फोलिओ_मेबी_मॅप्ड_शेअर्ड झाले, ज्यात नाही हे उत्तर खात्रीचे आहे. आश्वासन बदलले तसतसे नाव बदलत गेले. प्रतिसाद ३ च्या लेखकांना ही तीन नामांतरे त्रासदायक वाटतील हे मी समजू शकतो, परंतु यांतले कोणतेही एक टाळले असते तर नाव खोटे ठरले असते.

ज्या जोड्या आजही मला खटकतात त्यांत एमएमगेट आणि एमएमग्रॅब यांचा क्रम पहिला लागतो. २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत ही नावे आली, त्याआधी थेट काउंटर वाढवला जात असे, त्या मानाने ही सुधारणाच होती. एमएमगेटने प्रोसेसची संपूर्ण ॲड्रेस स्पेस जिवंत राहते आणि ती एमएमपुटने सोडायची; एमएमग्रॅबने केवळ ती माहिती ठेवणारी स्ट्रक्चर जिवंत राहते, आतले मॅपिंग नष्ट झालेले असू शकते, आणि ती एमएमड्रॉपने सोडायची. गेट आणि ग्रॅब या शब्दांतून यांतले काहीही सूचित होत नाही. येथे स्ट्रक्चर आणि ॲड्रेस स्पेस हा भेद नावात यायला हवा होता.

प्रतिसाद ५

मी या क्षेत्रात नवीन आहे आणि एका ड्रायव्हरसाठी हेल्पर फंक्शन लिहीत आहे. युजरकडून आलेल्या बफरचा पत्ता आणि लांबी घेऊन, तो संपूर्ण बफर एकाच व्हीएमएमध्ये आहे का हे तपासायचे आणि मग त्याची पेजेस पिन करायची, असे त्याचे काम आहे. सध्या त्याला प्रिपेअर_यूजर_बफर असे नाव दिले आहे. यशस्वी झाल्यास ते ट्रू परत करते. हा धागा वाचल्यावर नाव अपुरे वाटू लागले, पण दुसरे सुचत नाही. तसेच लॉक्ड आणि अनलॉक्ड हे प्रत्यय नेमके केव्हा लावायचे, हेही कोणी सांगितल्यास उपकृत होईन.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला प्रश्न अगदी वेळेवर आला आहे. प्रत्ययांपासून सुरुवात करतो, कारण तिथे खरोखर गोंधळ आहे. गेट_यूजर_पेजेस_अनलॉक्ड म्हणजे कॉल करणाऱ्याने एमएमॅप लॉक धरलेले नाही, फंक्शन ते स्वतः धरेल आणि सोडेल. दुसरीकडे सेट_पेज_डर्टी_लॉक यातला लॉक म्हणजे हे फंक्शन पेजचे लॉक स्वतः घेते. लॉक आणि लॉक्ड यांत अगदी थोड्या अक्षरांचा फरक आहे आणि अर्थ जवळजवळ उलट आहे. आपल्या ड्रायव्हरमध्ये लॉक आधी धरलेले हवे असेल तेव्हाच लॉक्ड प्रत्यय लावावा, फंक्शनाच्या पहिल्या ओळीत तशी तपासणी ठेवावी, आणि लॉक स्वतः घेणाऱ्या फंक्शनाला कोणताही प्रत्यय लावू नये. सुरुवातीचे दोन अंडरस्कोरही जपून वापरावेत. काही ठिकाणी त्यांचा अर्थ लॉक न घेणारी आतली आवृत्ती असा असतो, पण फ्री_पेजेस आणि दोन अंडरस्कोर असलेले फ्री_पेजेस यांत फरक इतकाच आहे की पहिले व्हर्च्युअल पत्ता घेते आणि दुसरे पेजचा पॉइंटर.

परत मिळणाऱ्या उत्तराविषयी कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये स्पष्ट नियम आहे : नाव आज्ञार्थी असेल तर यशासाठी शून्य आणि अपयशासाठी ऋण एरर कोड द्यावा, नाव प्रश्नार्थी असेल तर ट्रू किंवा फॉल्स द्यावे. आपले नाव आज्ञार्थी आहे आणि उत्तर ट्रू आहे, त्यामुळे कोणीतरी शून्याची अपेक्षा ठेवून उलट अट लिहिण्याची शक्यता आहे. कर्नलमध्येही फोलिओ_आयसोलेट_एलआरयू हे आधी यशासाठी शून्य देत असे, आणि इफमध्ये ते वाचताना अर्थ उलटा लागत असे, म्हणून २०२३ मध्ये ते बूलियन केले गेले. जुन्या कोडमध्ये असा अपवाद मान्य करावा लागतो, नव्या कोडमध्ये त्याची गरज नाही.

आता नावाविषयी. ते सुचत नाही, कारण फंक्शनाच्या पोटात दोन कामे आहेत आणि त्यातले पहिले बहुधा अनावश्यक आहे. व्हीएमएची तपासणी एमएमॅप लॉक धरून केली आणि लॉक सोडल्यानंतर पेजेस पिन केली, तर मधल्या काळात दुसरा थ्रेड ते मॅपिंग बदलू शकतो, म्हणजे तपासणीचे उत्तर हातात येईपर्यंत शिळे झालेले असते. शिवाय पत्ता वैध नसेल तर पिन करणारे फंक्शन स्वतःच अपयशी ठरते. आपल्या हार्डवेअरला विशिष्ट प्रकारचेच मॅपिंग हवे असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्या वर्णनात तशी अट दिसत नाही. तेव्हा ती तपासणी काढून टाकावी.

उरलेल्या कामात एक बारकावा आहे. पिन_यूजर_पेजेस_फास्ट हे फंक्शन किती पेजेस पिन झाली ती संख्या परत देते, आणि ती मागितलेल्या संख्येपेक्षा कमी असू शकते. कमी आली तर तेवढीही पेजेस सोडण्याची जबाबदारी कॉल करणाऱ्याची असते. आपल्या हेल्परने ती जबाबदारी स्वतःकडे घ्यावी : सर्व पेजेस पिन झाली तर शून्य द्यावे, एक जरी राहिले तर झालेली सगळी अनपिन करून एरर कोड द्यावा. मग त्याला ड्रायव्हरच्या नावाचा उपसर्ग लावून पुढे पिन_ऑल_पेजेस म्हणता येईल, आणि त्याच्या शेजारीच, त्याच फाइलमध्ये, त्याच उपसर्गाचे अनपिन_ऑल_पेजेस लिहावे. डिव्हाइसने त्या पेजेसमध्ये मजकूर लिहिलेला असेल तर सोडताना ती डर्टी करणेही आवश्यक आहे, त्यासाठी कर्नलचे अनपिन_यूजर_पेजेस_डर्टी_लॉक वापरावे. डिव्हाइस फक्त वाचत असेल तर साधे अनपिन_यूजर_पेजेस पुरेसे आहे. दोन्ही दिशांचे बफर एकाच फंक्शनातून सोडणार असाल तर दिशा सांगणारे बूलियन आर्ग्युमेंट ठेवण्याऐवजी, प्रतिसाद २ मध्ये वॉकबद्दल सुचवले आहे त्याप्रमाणे, दोन वेगळी नावे ठेवावीत. पॅच तयार झाल्यावर त्यातला हा भाग येथे द्यावा, आम्ही सर्वजण तो वाचू.